सेक्टर सहाची अक्षत

आमच्या आईचं एक आहे. आपण चुकलो असं तिला कधी वाटत नाही, आणि कुणी तसं वाटायला लावलंच तर त्या माणसाचं काही खरं नसतं. त्यामुळे माझ्या लग्नाची पत्रिका आप्पामामाला कशी द्यायची हा विषय घरात निघाला, तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, की सरळ एक फोन कर त्याला.

"मामाला अक्षत फोनवर देत्यात व्हय?" आईनं विचारलं. नानांनी पेपर उघडला.

आप्पामामा आईचा धाकटा, एकुलता एक भाऊ. तरुणपणीच सातारा सोडून नवी मुंबईच्या मार्केटात माथाडी म्हणून लागला, तिकडंच त्यानं संसार थाटला. आमच्यात मामा नवरीला मांडवात आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या मागं उभा राहतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या, सुनयनाच्या लग्नात तो उभा राहणारच होता, पण घाटात ट्रक उलटला आणि त्याची गाडी अडकली. भटजी घड्याळ दाखवायला लागले. आईनं मुहूर्त टळू नये म्हणून तिच्या चुलतभावाला, दिलीपमामाला उभं केलं. दुसरं मंगलाष्टक चालू असताना आप्पामामा मांडवाच्या दाराशी पोचला, आपल्या जागी दुसरा माणूस उभा बघितला आणि आल्या पावली परत फिरला.

त्याचं म्हणणं, सख्खी बहीण माझ्यासाठी घटकाभर थांबली नाही. आईचं म्हणणं, मुहूर्त कुणाच्या बापासाठी थांबत नाही, आणि याला भाचीपेक्षा मान मोठा झाला. मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत, आणि दोघंही बरोबर असले की भांडण मिटायची आशाच सोडायची. सहा वर्षं झाली त्याला. मधे मामाच्या विश्वजितचं लग्न झालं, आम्हाला बोलावणं नव्हतं. त्यानं तिकडचीच, नवी मुंबईतलीच मुलगी केली आणि तो तळोज्याला कंपनीत जातो, एवढं कानावर आलं होतं. आईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता माझी पाळी आली होती. मी आईला स्वच्छ सांगून टाकलं होतं, की आप्पामामा उभा राहणार नसेल तर माझ्या मागं कुणीही उभं राहायचं नाही. मला तो एकच मामा. लहानपणी आमच्याकडं मुक्कामाला आला की मला पोत्यासारखी पाठीवर टाकायचा आणि "कांदा घ्या, कांदा" करत गल्लीभर फिरवायचा. दिलीपमामा चांगला माणूस आहे, पण त्यानं मला कधी कांदा केलेलं नाही.

आई चार दिवस गप्प होती. मग एक दिवस बाजारातून आली ती रणजीतच्या सहलीची दोन तिकिटं घेऊनच. हा रणजीत शेजारच्या गावचा. पूर्वी नवी मुंबईत कुरियर वाटायचा, आता तो 'एक दिवस नवी मुंबईचा' अशी सहल काढतो. स्टँडवर त्याचा फ्लेक्स आहे. त्यावर खाडी, फ्लेमिंगो, बालाजी, विमानतळ असं सगळं छापलंय आणि विमानतळापुढं बारीक अक्षरात 'लांबून' असं लिहिलंय.

आईचं डोकं कसं चालतं ते मला त्या रात्री समजलं. मुद्दाम त्याच्या दारात जायचं नाही. सहलीला म्हणून जायचं आणि वाटेत आहेच म्हणून पत्रिका देऊन यायचं. घेतली तर घेतली. तोंडावर दार लावलं तर गावात सांगायला सोपं, आम्ही तर विमानतळ बघायला गेलो होतो. मोडेन पण वाकणार नाही म्हणतात ना, आई त्यातून पळवाट काढून जरा कलायला निघाली होती.

पत्ता ज्योतिबानं दिला. ज्योतिबा मामाबरोबर मार्केटात होता, आता गावी येऊन म्हशी सांभाळतो. त्यानं डोळे मिटून सांगितलं, "शेक्टर सहा. गणपतीच्या देवळामागं साई सदन. दुसरा मजला, जिन्याला लागून दार." आईनं तो आरतीसारखा पाठ केला.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पहाटे आम्ही निघालो. गाडीत बचत गटाच्या बायका होत्या, दोन म्हातारे होते आणि आमच्या पुढच्याच सीटवर सगुणाकाकू होती. सगुणाकाकूला कळलेली गोष्ट गावाला कळायला तिच्या अंगणापासून पारापर्यंत जायला लागतं तेवढाच वेळ लागतो. आईनं पत्रिका, अक्षता, हळदीकुंकू, नारळ आणि खण असं सगळं एका पिशवीत घालून वर स्वेटर कोंबला होता. पिशवीत काय आहे म्हणून काकूनं विचारलं, तर आई म्हणाली, थंडीचं आणलंय. नवी मुंबईत थंडी कुठली आली, हे काकूला ठाऊक नव्हतं म्हणून बरं.

खारघर आलं तसा रणजीत माइक घेऊन उभा राहिला. "मंडळी, हे जे तुम्ही बघताय ते संपूर्ण शहर आधी कागदावर काढलं आणि मग बांधलं. इथं माणूस हरवूच शकत नाही. नुसता सेक्टर नंबर सांगायचा, बास." आईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू हा माणूस तिच्यासाठीच देवानं पाठवलाय.

पुढच्याच वळणावर निळी पाटी दिसली, सेक्टर ६. आई उठून उभी राहिली आणि म्हणाली, गाडी थांबवा. रणजीतला वाटलं कुणाला उलटी होतीय. त्यानं घाईघाईनं गाडी कडेला घेतली. आम्ही उतरलो, पिशवी घेऊन.

त्यानंतर जे झालं ते मला अजून नीट जुळवता येत नाही. साई साक्षी सापडलं, साई सृष्टी सापडलं, साई स्मृती सापडलं. प्रत्येकाच्या गेटवर एक वॉचमन आणि प्रत्येक वॉचमनचा एकच प्रश्न, कुणाकडे जायचंय. आईनं मामाचं नाव सांगितलं की ते मान हलवायचे. गणपतीचं देऊळ दोन ठिकाणी होतं, पण एकाच्या मागं शाळा होती आणि दुसऱ्याच्या मागं नुसतीच भिंत. शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं. त्यानं इस्त्री बाजूला ठेवली आणि विचारलं, "कौनसा सेक्टर छह? वाशी का, नेरूळ का, कोपरखैरणे का, या यहाँ का?"

मी आईला समजावून सांगितलं, की इथं प्रत्येक वसाहतीला पुन्हा एकपासून आकडे आहेत. वाशीला सहा आहे, नेरूळलाही सहा आहे, सगळीकडं सहा आहे.

आई म्हणाली, "एका गावात इतक्यांदा सहा कसं असंल? त्यो बाबा खोटं बोलतोय."

गाडीत परत आलो तेव्हा सगळे खवळले होते. आमच्यामुळं सहलीत ठरलेली बागेतली छोटी रेल्वे हुकली असं सगुणाकाकूचं म्हणणं होतं. रणजीत माइकवरून म्हणाला, की सगळ्यांनी टाइमटेबल पाळावं, आणि मग त्यानंच रस्ता चुकून एका चौकाला तीन वेळा प्रदक्षिणा घातली. तिसऱ्या खेपेला एक म्हातारे हात जोडून म्हणाले, देव कुठाय ते तरी सांगा.

मी खिडकीपाशी बसून घामाघूम झाले होते. मला ज्योतिबाचा राग येत होता, आईचा येत होता आणि सगळ्यात जास्त त्या सारख्या दिसणाऱ्या इमारतींचा येत होता. मामाचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. एक बटण दाबलं की काम. मी आईला हळूच म्हणाले, लावू का. ती म्हणाली, "लाव, आन् मग मी हितंच उतरते, मला न्यायला येऊ नगंस." तिचं गणित सोपं होतं. फोनवर तो नको म्हणाला तर नको ते नकोच. दारात उभ्या बहिणीला तो नको म्हणू शकणार नाही, निदान तिला तसं वाटत होतं. तेवढ्या एका गोष्टीवर ती इथवर आली होती.

करावे गावाच्या अलीकडं खाडीवर आम्हाला फ्लेमिंगो दाखवले. म्हणजे रणजीतनं बोट दाखवलं आणि आम्ही त्या दिशेला बघितलं. फार लांब, पाण्याच्या कडेला काहीतरी गुलाबी होतं. दोरीवरून उडालेले ब्लाऊज असावेत तसं दिसतंय, असं सगुणाकाकू म्हणाली. सगळ्यांनी फोटो काढले. फोटोत कुणालाच काही दिसलं नाही, पण काढले. आई पाण्याकडं पाठ करून उभी होती आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचत होती.

नेरूळला टेकडीवरच्या बालाजीचं दर्शन झालं आणि जेवणाची सुट्टी मिळाली. बायकांनी डबे सोडले. आईनं मला कोपरानं ढोसलं. आम्ही देवळाच्या पायऱ्या उतरलो, रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला म्हणालो, सेक्टर सहा, गणपतीचं देऊळ. त्यानं एका शब्दानं न विचारता नेऊन सोडलं. देवळामागं तीन मजली इमारत होती. फाटकावर लिहिलं होतं, साई सदन.

आईनं माझ्याकडं असं बघितलं, की त्या इस्त्रीवाल्याची बाजू घेतल्याबद्दल मी आता माफी मागावी. मग तिनं पदर नीट केला, स्वेटर काढून माझ्या हातात दिला आणि जिना चढायला लागली. दुसरा मजला. जिन्याला लागून दार. दारावर नाव नव्हतं, नुसतं तोरण होतं. आईनं बेल वाजवली.

दार माझ्याच वयाच्या एका मुलीनं उघडलं. अंगात मॅक्सी, वर ओढणी, गळ्यात मंगळसूत्र. आईला बघितल्याबरोबर तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि वाकून पाया पडली. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्या कानात म्हणाली, विश्वजितची बायको, गुणाची दिसतीय.

घरात रंगकाम चाललं होतं. भिंती उघड्या, सामान सगळं मधे ओढून वर चादर घातलेली. तिनं दोन खुर्च्या पुसून दिल्या, पाणी आणलं. म्हणाली, "बसा ना. घरान पसारा हाय, काय बोलू नका." तिची बोली आमच्यासारखी नव्हती, पण मुलगी इकडचीच केल्याचं आम्हाला माहीतच होतं. आईनं नाव विचारलं. रंजिता. आईनं विचारलं, "हे कुठायत तुझं?" ती म्हणाली, "तलोज्याला. कामाला." मी शंकेखोर, पण तळोजा म्हटल्यावर माझी शंकासुद्धा खुर्चीला टेकून बसली. सासूबाई करावे गावात माहेरी गेल्या होत्या, संध्याकाळी येणार होत्या. मामीचं माहेर तर कराडकडचं. मी आईकडं बघितलं. आईनं ते ऐकलंच नाही. ती पिशवी उघडत होती.

तिनं रंजिताला खुर्चीवर बसवलं, हळदीकुंकू लावलं, ओटीत खण-नारळ घातला, अक्षता आणि पत्रिका हातात दिली. पत्रिकेवर तिनं स्वतःच्या हातानं हळदीची बोटं उठवली होती. रंजितानं पत्रिका कपाळाला लावली आणि तशीच मांडीवर ठेवली. दोन-तीन वेळा तिनं माझ्याकडं बघून तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, बुजलीय.

आई म्हणाली, "तुज्या सासऱ्याला म्हणावं, राजाबाई स्वतः येऊन गेली. आता राग पुरं झाला."

रंजिताचा चेहरा उतरला. मग ती हळू म्हणाली, "तुमाला कोनी कलवला नाय का? पप्पा गेल्या शिमग्याच्या आधी वारले. आता वरीस होईल."

खालच्या रस्त्यावर कुणी भंगारवाला ओरडत चालला होता. तो लांब जाईपर्यंत आई हलली नाही. मी म्हणाले, आई. तिनं हात वर केला, गप्प बस अशा अर्थानं. "वरीस," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं न्हाई." हे ती दोनदा म्हणाली, भांडण्याच्या आवाजात, जणू सांगितलं असतं तर तिनं ते होऊच दिलं नसतं. मग ती खुर्चीवरून खाली फरशीवर बसली आणि तिनं आवाज सोडला.

मी आईला कधी असं रडताना बघितलं नव्हतं. ती नाव घेऊन रडत होती. आप्पा, माझ्या सोन्या, घटकाभर थांबले असते रे, मोडला असता मुहूर्त तर मोडू दिला असता, असं काहीबाही. सहा वर्षांत जे तिनं नानांना, मला, देवाला, कुणालाच बोलून दाखवलं नव्हतं ते सगळं त्या रंगाच्या डब्यांमध्ये सांडत होतं. मलाही रडू फुटलं. मामा नाही, आणि मी वर्षभर मजेत साड्या बघत फिरत होते. रंजिताही रडायला लागली. ती आईला धरून बसली आणि म्हणाली, रडू नका आत्या, लय तरास नाय झाला त्यांना, झोपेतच गेले. ते ऐकून आई आणखी रडली.

मग रंजिता डोळे पुसत उठली. म्हणाली, फोटो आत ठेवलाय रंगामुळं, दर्शन घ्या. ती आतून कापडात गुंडाळलेली मोठी फ्रेम घेऊन आली, कापड काढलं आणि आईसमोर धरली. चंदनाचा हार. खाली नाव, नामदेव. गोल चेहरा, भरघोस मिशा, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर चांगलं मोकळं हसू. गृहस्थ मामासारखे कुठूनही दिसत नव्हते.

आईनं पदरानं डोळे पुसले. परत पुसले. "हे कोण?" तिनं विचारलं.

"पप्पा," रंजिता म्हणाली.

"हे न्हवं," आई म्हणाली.

कुणी कुणाला काय विचारायचं हेच कळत नव्हतं. आधी रंजिताला उलगडलं. ती फ्रेम छातीशी धरून म्हणाली, "मग तुमी कोन?"

कोण होतो आम्ही? मी तिला जमेल तसं सांगितलं. ती बिचारी कपाळावर हात मारून खाली बसली. तिच्या लग्नाला दीड वर्ष झालेलं. यांच्या घरचं लग्न म्हणजे सगळं गाव, सासरची अर्धी माणसं तिला अजून ओळखू येत नव्हती. सासरे गेल्यापासून तर रोज कुणी ना कुणी भेटायला यायचं. दारात आलेल्या वडीलधाऱ्या बाईला तुम्ही कोण म्हणून विचारलं आणि ती सासूची सख्खी नणंद निघाली, तर घरात राहायचं कसं? म्हणून तिनं विचारलं नव्हतं. आणि आईनं विचारलं नव्हतं, कारण भाच्याची बायको आपण ओळखत नाही हे कुठल्या तोंडानं सांगायचं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय.

मला हसू येत होतं आणि ते दाबताना पोटात दुखत होतं. आईला हसू आलं नाही. तिच्या चेहऱ्यावर मात्र असं काही पसरलं होतं की मी दुसरीकडं बघितलं. सुटका होती ती, पण परक्याच्या मयताच्या फोटोसमोर. तिनं फोटोला वाकून नमस्कार केला. रंजिताचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "पोरी, माझा हाय म्हणून मला बरं वाटतंय, तुजा गेलाय. राग मानू नगंस." रंजिता म्हणाली, "नाय ओ. पप्पांसाठी इतकं तर त्यांची सख्खी बहीनपन रडली नवती."

तिनं नारळ, खण आणि पत्रिका परत पुढं केली. आईनं हात मागं घेतला. दिलेली अक्षत परत घेत नाहीत, म्हणाली. तुम्ही सगळी या लग्नाला, तोवर त्यांचं वर्ष होऊन जातंय.

मग ती माझ्याकडं वळली. "लाव," ती म्हणाली.

मी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि आईपुढं धरला. बराच वेळ वाजला. मग मागं गाड्यांचा, हमालांच्या ओरडण्याचा आवाज आणि त्यातून मामाचा हॅलो.

"आप्पा," आई म्हणाली.

तिकडं नुसता मार्केटचा आवाज येत राहिला. मग एकदम बारीक आवाजात मामानं विचारलं, "आक्का, कोण गेलं?"

सहा वर्षांनी बहिणीचा फोन आला, तर त्याला दुसरं काय वाटणार. आई म्हणाली, "कुणी न्हाई. कुणी न्हाई रे," आणि पुढं तिला बोलताच येईना. मीच सांगितलं, की पत्रिका द्यायला आलोय, सेक्टर सहाला आहोत. "कुठल्या सहाला?" मामा म्हणाला. मी म्हणाले, नेरूळ. "अगं, मी कोपरखैरण्याच्या सहाला ऱ्हातो. हलू नका तिथनं."

तोवर रणजीतचे फोन सुरू झाले होते. मॅडम, कुठाय तुम्ही, वाशीचा पूल बघायचा राहिलाय, विमानतळ राहिलाय. मी पत्ता सांगितला, आणि तो अख्खी गाडी घेऊन साई सदनच्या फाटकाशी आला. आई आणि मी खाली उतरलो तेव्हा सगळ्या खिडक्यांतून आमच्या गावच्या बायका बघत होत्या. ज्या गोष्टीसाठी एवढी लपवाछपवी केली, तिला आता सगुणाकाकू पहिल्या रांगेत बसून हजर होती.

मामा स्कूटरवरून आला. मार्केटच्याच कपड्यात, खांद्यावर टॉवेल. केस पांढरे झाले होते. हेल्मेट काढायच्या आधीच त्यानं विचारलं, "आक्का, झालंय काय?"

"वाळलास," आई म्हणाली.

मामा माझ्याकडं बघून हसला. मग त्यानं आईपुढं हात केला. "पत्रिका द्यायला आलीवतीस न्हवं? आण."

"दिली," आई म्हणाली.

"कुणाला?"

आईनं वर बोट दाखवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत रंजिता पत्रिका हातात घेऊन उभी होती. तिनं वरूनच मामाला नमस्कार केला.

मामानं तिच्याकडं बघितलं, गाडीच्या खिडक्यांकडं बघितलं. त्याचा पुढं केलेला हात हळूहळू खाली आला. त्या दिवशी मांडवाच्या दारात त्याचा चेहरा कसा झाला असेल, ते मला आत्ता दिसलं. "म्हंजे औंदाबी माजा मान दुसऱ्यालाच," तो म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

मला वाटलं, संपलं. आता आई उसळणार, मुहूर्ताचा विषय काढणार, सहा वर्षांपूर्वीचं सगळं भर रस्त्यात परत एकदा होणार आणि माझ्या लग्नात माझ्या मागं कुणीच उभं नसणार. मला दोघांचाही इतका राग आला की मी डोळे मिटून घेतले.

आई उसळली नाही. तिनं पुढं होऊन मामाच्या शर्टाची बाही धरली. "अक्षत परक्याला देत्यात," ती म्हणाली. "परक्याला दिली. घरच्या माणसाला कुणी बोलावणं करतंय का रे? आठ दिस आधी ये आन् मांडव घाल."

सगुणाकाकूनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. मामानं खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंड पुसलं, उगाचच मानेवरूनही फिरवला. रणजीतनं हॉर्न वाजवला. मामा त्याला म्हणाला, जावा तुम्ही पुढं, ह्या दोघी आज माझ्याकडं ऱ्हातील. आमच्या मामीला हे अजून ठाऊक नव्हतं.

गाडी विमानतळ बघायला निघून गेली. आईनं बाही सोडली नव्हती. मामानं डोळ्यांनीच मला विचारलं, हिला झालंय काय. मी म्हणाले, घरी गेल्यावर सांगते.

"आक्का, किक मारायची हाय," मामा म्हणाला. "बाही सोड. फाटंल."

"फाटू दे," आई म्हणाली.